संबंधितांवर कडक कारवाई करावी

स्वयंपाक यायच्या आधी मला निवेदन लिहिता यायला लागलं. वडील पुण्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लिहायला मी. पाणी कमी दाबानं येतं, दे निवेदन. गेटसमोरचा दिवा बंद आहे, दे निवेदन. वर 'विषय', मग 'महोदय', मग जरा चढवून लिहिलेली तक्रार आणि शेवटी ठरलेली ओळ: तरी संबंधितांवर कडक कारवाई करावी, ही नम्र विनंती. मग मी कागद घेऊन मजले चढायचे आणि सह्या गोळा करायचे. काका घरी नसले तर काकू त्यांचीही सही ठोकून द्यायच्या, वर लग्न होऊन नाशिकला गेलेल्या मुलीचीही. कुणावर कधी कारवाई झाली नाही. गेटसमोरचा दिवा आम्ही तिथं होतो तोवर बंदच होता. पण निवेदन देऊन आलं की वडिलांना बरं वाटायचं, आणि माझ्या मते ते असतंच त्यासाठी.

हे आधी सांगितलं, कारण गेल्या हिवाळ्यात मी इथं, नेदरलँड्समध्ये, एक निवेदन दिलं आणि त्यावर चार दिवसांत कारवाई झाली. तो धक्का अजून ओसरलेला नाही.

माझी नोकरी आइंडहोवनला, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत. राहतो आम्ही बाहेरच्या एका लहान गावात, मी, नवरा आणि लेक, तेव्हा अकरा वर्षांची. गाव लहान, पण बर्फाचं रिंक आहे आणि रिंकवर आइस हॉकीची टीम. टीम म्हणायला व्यावसायिक. अर्धे खेळाडू दिवसा कुठंतरी नोकरी करतात, बाकीचे बाहेरून आणलेले. पहिल्यांदा आम्ही गेलो ते लेकीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला. दुसऱ्यांदा मी हौसेनं गेले. तिसऱ्या वेळी मी काचेला नाक लावून मराठीत ओरडत होते आणि नवरा दोन खुर्च्या सोडून बसला होता. एरवी या देशात मी फार हळू बोलते. तिथं कोण आपल्याकडे बघतंय याची फिकीर नसायची, आणि त्याचं मला व्यसनच लागलं म्हणा ना.

गोलकीपर कॅनडाहून आलेला. वय अठ्ठावीस असेल, नाक दोनदा मोडलेलं. शनिवारी सकाळी तो पोरांना शिकवायचा, आणि ते त्याच्या करारात नव्हतं. माझी लेक पहिल्या दिवशी बर्फावर उभीच राहीना. त्यानं तिला उभं राहायला शिकवलंच नाही. आधी पडायला शिकवलं. तासभर नुसतं पड, ऊठ, पड, ऊठ. घरी आली ती गुडघे काळेनिळे आणि चेहरा हा एवढा फुललेला. मी गोलकीपर होणार, म्हणाली. डचमध्ये म्हणाली, कारण माझ्याशी ती मराठीत बोलणं केव्हाच सोडून बसली होती. मी मराठीत विचारायचं, तिनं डचमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संसार.

फेब्रुवारीत टीम उपांत्य सामन्यात पोचली. इथं मोठ्या सामन्याआधी प्रत्येक खेळाडूबरोबर एक लहान मूल बर्फावर उतरतं, अनाउन्सर दोघांची नावं पुकारतो. गोलकीपरनं माझ्या लेकीला निवडलं होतं. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ब्रेडा शहरातून दोन मराठी कुटुंबं येणार होती. मी साठ बटाटेवड्यांचं सारण करून ठेवलं होतं. सामना शनिवारी, आणि गुरुवारी संध्याकाळी क्लबचा मेल आला की सामना होणार नाही. खेळाडूंनी संप केला होता.

कारण मेलमध्ये एका ओळीत उरकलं होतं, पण आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. जानेवारीतल्या एका सामन्यात आमचा एक खेळाडू डोक्यावर आपटला. रिंकवर डॉक्टर नव्हता. खर्च वाचवायला क्लबनं डॉक्टर बंद केला होता. अँब्युलन्स येईपर्यंत तो पोरगा बर्फावर पडून होता आणि आपण कोणत्या गावात आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं. मी तिथंच होते, मी पाहिलं होतं. खेळाडूंचं म्हणणं एवढंच की डॉक्टर परत ठेवा, मग आम्ही खेळतो. सगळ्यांच्या वतीनं बोलत होता तो गोलकीपर.

आता लिहिताना वाटतं, यात न समजण्यासारखं काय होतं? पण त्या दिवशी माझं डोकं जे सटकलं ते सटकलंच. लेक खोलीत जाऊन बसली होती. फ्रिजमध्ये सारण. मी ओट्यापाशी उभी राहून बडबडत होते की आम्ही पण नोकऱ्या करतो, आम्हाला पण त्रास होतो, आम्ही बसतो का हात बांधून? ऐन सामन्याच्या तोंडावर बरी सुचली यांना. नवरा म्हणाला, "अगं, त्या मुलाचं डोकं फुटलं होतं." मी म्हटलं, तू गप बस. मग लेक बाहेर आली आणि डचमध्ये म्हणाली, गोलकीपरचं बरोबर आहे. तिलाही मी गप बसवलं. तुझ्यासाठीच तर चाललंय, असं म्हणून.

आणि मी निवेदन लिहायला बसले. क्लबच्या कार्यकारिणीला, समस्त प्रेक्षकांच्या वतीनं. विषय, महोदय, सगळं. हात असा चालत होता की काय सांगू. मुलांचा हिरमोड, लांबून येणारे पाहुणे, प्रेक्षकांना गृहीत धरणारे मूठभर खेळाडू आणि त्यांना भडकवणारा त्यांचा म्होरक्या. शेवटी अर्थातच ती ओळ. डचमध्ये नीट करायला शेजारच्या बाईंकडे गेले. त्या निवृत्त शिक्षिका, पेन्सिल हातात घेऊनच वाचतात. शेवटच्या ओळीशी थांबल्या.

"हे तुला खरंच हवंय?" त्यांनी विचारलं.

"हो, असंच लिहितात," मी म्हटलं.

त्यांनी खांदे उडवले आणि ते तसंच डचमध्ये उतरवलं.

शनिवारी सामना नसला तरी रिंकच्या दाराशी बरीच माणसं जमली होती, चिडलेली. मी कागद पुढं केला की पेन हिसकावून सह्या करत होती. सहा पानं भरली. पहिली सही माझी. खाली नवऱ्याची आणि लेकीची, त्या दोन्ही मीच केल्या. त्यांना विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरातल्यांच्या सह्या घरातलं कुणीतरी करतं, त्यात काय एवढं.

सोमवारी कागद दिला. वडिलांना बरं वाटायचं तसं मलाही वाटलं.

शुक्रवारी उत्तर आलं. मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथंच पायरीवर बसले. प्रेक्षकांची स्पष्ट मागणी विचारात घेऊन कार्यकारिणीनं ठरवलंय, असं लिहिलं होतं, की गोलकीपरचा करार या सीझननंतर वाढवायचा नाही. तो वाढणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यानं घर बघायला घेतलं होतं.

करार संपला की त्याचं इथं राहण्याचं परमिट संपणार. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं, कारण मीही तशाच परमिटवर इथं राहते. आमचं सगळं बिऱ्हाड माझ्या नोकरीच्या एका कागदावर उभं आहे. मॅनेजरनं विषय न लिहिता मीटिंग लावली की मी आधी परमिटवरची तारीख काढून बघते. कंपनीत मी कधी चढ्या आवाजात बोललेले नाही, आणि ते काही मी स्वभावानं गरीब आहे म्हणून नव्हे. आणि त्याच परमिटवरचा एक माणूस दुसऱ्याच्या डोक्यासाठी उभा राहिला, तर त्याच्यावर कारवाई करा म्हणून मी सह्या गोळा केल्या होत्या. मी म्हणजे मीच. मला स्वतःची शिसारी आली.

तशीच सायकल काढून क्लबच्या अध्यक्षांच्या घरी गेले. शांत गृहस्थ, बागेत पानं गोळा करत होते. मी म्हटलं, आमचं तसं म्हणणं नव्हतं. ते म्हणाले, "पण तुम्ही तसं लिहिलंय." मी म्हटलं, ते आमच्याकडे लिहायची पद्धत आहे, शेवटी तसं लिहितातच, कुणी खरं धरत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. कुत्सितपणे नाही, खरोखर न कळून.

"मग तुम्ही लिहिता कशाला?"

पद्धत आहे, मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, बाकी सगळे नुसते ओरडत होते, काय करायचं ते फक्त तुम्ही सांगितलंत. आम्ही खेळाडूलाही तुमच्या पत्राची प्रत दिली आहे, सह्यांसकट, म्हणजे हा निर्णय आमच्या एकट्याचा नाही हे त्याला कळेल. सगळं उघडपणे केलेलं बरं, नाही का?

सह्यांसकट. मी सायकल हातात धरून चालत घरी आले, बसवेना.

दुसऱ्या दिवशी शनिवार. खेळाडू सामने खेळत नव्हते तरी गोलकीपर पोरांना शिकवायला येतच होता. लेक आधी जाऊन तयार होत होती. कबूल करून टाकायचं असं मी रात्रभर घोकलं होतं. तो बाकावर बसून एका चिमुरडीच्या स्केटच्या नाड्या आवळत होता. मी पुढं गेले आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी त्याला आमच्या गेटसमोरच्या दिव्याची गोष्ट सांगायला लागले, इंग्रजीत, तीही धड नाही. वडील, निवेदन, शेवटची ओळ. त्यानं सगळं ऐकून घेतलं. नाडीची गाठ मारली, चिमुरडीला बर्फावर सोडलं.

"तुमचा राग मला कळतो," तो म्हणाला. "तुमची पोर त्या दिवसाची वाट बघत होती. मीच तो दिवस घालवला."

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात तो म्हणाला, "पण एक विचारू? तिसरी सही तिची आहे. ती दर शनिवारी येते, माझ्याशी बोलते, हसते. आणि मी इथून जावं असं तिला वाटतं. मी तिला कधी काही लागेल असं बोललो का? मी आठवून बघतोय, मला सापडत नाही."

सहा पानं सह्या, आणि त्या माणसाला त्यातली एकच लागली होती.

मी तोंड उघडलं आणि माझं लक्ष त्याच्या मागं गेलं. लेक उभी होती, पॅड बांधून, हेल्मेट काखेत घेऊन. इंग्रजी तिला माझ्याहून चांगलं येतं. ती आधी त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे.

"आई, मी कधी सही केली?"

मराठीत. किती महिन्यांनी मराठीत. तिनं त्याला कळू नये म्हणून मराठीत विचारलं असणार. म्हणजे त्याही क्षणी पोरगी मला सांभाळून घेत होती, आणि ते मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

मी त्याच्याकडे वळून इंग्रजीत सांगितलं की ती सही मी केली, तिला न विचारता. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुझं बरोबर आहे, मीच तिला गप बसवलं. तो लेकीकडे वळला. तिनं मान डोलावली. त्यानं तिच्या हेल्मेटवर टकटक केलं आणि दोघं बर्फावर गेले. मी तासभर त्या बाकावर बसून राहिले, पहिल्यांदाच तोंडातून चकार शब्द न काढता.

मी दुसरं पत्र लिहिलं. पहिलं मागं घेतो म्हणून. चढवून काही लिहिलं नाही, शेवटची ओळ नाही. नवऱ्यानं सही केली. लेकीनं कागद हातात घेऊन दोनदा वाचला. "यानं तो राहील?" तिनं विचारलं. माहीत नाही, मी म्हटलं. तिनं सही केली, मी समोर उभी असताना, सावकाश. दारोदार फिरून मला आणखी अकरा सह्या मिळाल्या. बाकीचे म्हणाले, झालं ते झालं.

त्याचंही उत्तर चार दिवसांत आलं. आपलं पत्र मिळालं, नोंद घेतली आहे. बस्स. हे मात्र अगदी पुण्यासारखं झालं.

मार्चमध्ये क्लबनं डॉक्टर परत ठेवला आणि संप मिटला. राहिलेला उपांत्य सामना झाला, आम्ही जिंकलो. लेकीचं नाव पुकारलं गेलं, त्याच्या शेजारी ती बर्फावर उतरली, आणि मला ओरडता आलं नाही. डॉक्टर दाराजवळ खुर्ची टाकून बसला होता. एप्रिलच्या शेवटी गोलकीपर कॅनडाला परत गेला.

आता लेक बारा वर्षांची आहे. अजून गोल सांभाळते, अजून छान पडते. शाळेतून, क्लबमधून काही कागद आला की तो आधी ती खोलीत नेऊन वाचते आणि जिथं तिची सही लागते तिथं ती करते. मग घडी घालून माझ्यासमोर ठेवते, पालकांच्या सहीची तेवढी ओळ दिसेल अशी.

"आई, तुझी जागा ही," म्हणते. एवढं मात्र मराठीत.