खांद्यावरचा पेशंट

आजीनं डोक्यावरची पाटी उतरवून खाली ठेवली, माझ्या भिंतीकडं तोंड केलं आणि हात जोडले.

मला वाटलं, चित्रातल्या नागाला जोडले. नाग मी काढलाच होता तसा. फणा उभा, फण्यावर दहाचा आकडा, खवलान् खवला वेगळा. वेल्ह्याच्या बाजाराला येणारा माणूस आधी त्या नागापाशी थबकायचा. मी साळवी मॅडमना म्हणालो, "बघा, लोक पाया पडायला लागले. अजून कसली टेस्ट पाहिजे तुम्हाला?"

मॅडम आजीजवळ गेल्या.

"आजी, ह्या चित्रात काय चाललंय?"

"काय चालायचंय? मेला की बिचारा. नेत्यात त्याला."

"कुठं नेतायत?"

"मेलेल्याला कुठं नेत्यात, बाय? नदीला."

मला राहवलं नाही. "अवो आजी, जित्ता हाय त्यो! साप चावलाय, दवाखान्यात चाललाय!"

आजीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमी काडलंय व्हय?"

"व्हय."

"मंग तुमाला म्हाईत." तिनं पाटी डोक्यावर घेतली. जाता जाता म्हणाली, "साप मातर लई झ्याक काडलाय."

मी भोरचा. आडनाव मुलाणी, धंदा पेंटर. शाळा चौथीपर्यंत झाली, पण भोर-वेल्हे दोन्ही तालुक्यांतल्या किती शाळांच्या भिंतींवर शाळेचं नाव माझ्या हातचं आहे, ते जाऊन बघा. मास्तरला नीट लिहिता येत नाही असा जोडाक्षराचा बोर्ड मी एका दमात लिहितो. हे बढाई म्हणून सांगत नाही. आहे ते सांगतोय.

मोबाईल यायच्या आधीची ही गोष्ट. पुण्याच्या एका संस्थेनं भोर-वेल्ह्याच्या गावांत आरोग्याच्या भिंती रंगवायचं काम काढलं होतं. ते लोक त्याला 'पेशंट एज्युकेशन मटेरियल' म्हणायचे. म्हणजे आजाऱ्यानं आणि त्याच्या घरच्यांनी काय करायचं, हे समजावून सांगणारी चित्रं, बोर्ड, कागद. मला सर्पदंशाच्या भिंती दिल्या होत्या. भाताची लावणी सुरू व्हायच्या आत सगळ्या भिंती पुऱ्या करायच्या होत्या, कारण चिखलात हात घातले की साप चावायचे प्रकार वाढतात. आणि साप चावला की लोक आधी देवरुष्याकडं पळायचे. तो मंत्र घालायचा, लिंबू फिरवायचा, तोवर विष अंगात भिनायचं. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन असायचं, पण तिथं माणूस वेळेत पोचेल तर ना.

चित्र पुण्याहून आलं होतं, कागदावर. डावीकडं नाग आणि पाय धरून बसलेला माणूस. मध्ये चौघं जण स्ट्रेचर खांद्यावर घेऊन चाललेत, वर पेशंट आडवा, अंगावर पांढरी चादर. पुढं आरोग्य सेवक हातात औषधाची पिशवी धरून. उजवीकडं दवाखाना. खाली माझं अक्षर, 'साप चावला? वेळ घालवू नका. दवाखान्यात न्या.'

पहिली भिंत कामथडीला केली. हायवेचं गाव. तिथले लोक बघून म्हणाले, "पेशंट चाललाय, ॲम्ब्युलन्स यायची असंल." झालं, चित्र पास. दुसरी भिंत ही वेल्ह्याची. साळवी मॅडम इथं तपासायला आल्या. वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. लोकांना चित्र कळतं का आणि कळून त्याचा उपयोग होतो का, हे बघणं हीच त्यांची नोकरी. मला ती नोकरी कळत नव्हती. चित्र मी काढणार, आणि चांगलं आहे का ते ह्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारणार!

आजी गेल्यावर मी म्हणालो, "मॅडम, म्हातारीला मोतीबिंदू असेल. दुसऱ्याला विचारा. मीच विचारतो."

"विचारा. पण 'कळलं का' असं नका विचारू, मुलाणी काका. सगळे 'हो' म्हणतात. काय चाललंय तेवढंच विचारा आणि गप्प बसा."

गप्प बसणं मला जड जातं. तरी त्या दिवशी बाजार उठेपर्यंत बसलो. ज्याला वाचता येत होतं तो आधी अक्षरं वाचायचा आणि बरोबर सांगायचा. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला मयतच दिसायचं. एक जण म्हणाला, "म्होरं मडकं धरून चाललाय त्यो पोरगा आसंल त्याचा." औषधाची पिशवी त्याला विस्तवाचं मडकं वाटली होती. दवाखान्याला पत्र्याचं छप्पर होतं, तर दुसरा म्हणाला, "ती स्मशानातली शेड न्हवं का?" एका बाईनं पोराचं तोंड हातानं पलीकडं वळवलं.

शेवटी एक शहाणा माणूस आला. त्यानं बराच वेळ चित्र बघितलं. मला बरं वाटलं. मग म्हणाला, "बराबर हाय. साप चावल्याव दवाखान्यात न्हेला, का मानूस आसा भायेर येतोय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी ब्रश धुवायला लागलो. ब्रश धुतलेलेच होते.

आमच्यात जनाजा निराळा असतो, पण भोरात मी कैक मित्रांना खांदा दिलाय. मला हे का दिसलं नाही? त्याचं कारण धंद्यातलं आहे. कागदावरचं छोटं चित्र भिंतीवर मोठं करायचं, तर आम्ही कागदावर चौकोन आखतो आणि भिंतीवर निळीच्या दोरीनं तेवढेच मोठे चौकोन पाडतो. मग एकेक चौकोन भरत जायचा. शिडीवरच्या माणसाला एका वेळी एकच चौकोन दिसतो. मी कुठं खांदा काढला, कुठं चादर काढली. मयत मी काढलंच नव्हतं.

पण माघार घेईन तर मी मुलाणी कसला? संध्याकाळीच शिडी लावली आणि पेशंटचे मिटलेले डोळे उघडे केले. टपोरे, पाणीदार डोळे. दुसऱ्या दिवशी पहिलाच माणूस म्हणाला, "डोळं उगडंच ऱ्हायल्यात. घरातलं कुनी मिटवाया न्हवतं वाटतं."

मॅडम पदर तोंडाला लावून पलीकडं वळल्या. मी पांढरा रंग घेतला आणि पुढच्या माणसाच्या हातातली पिशवी उडवली. त्यावर एक जण म्हणाला, "आरारा, मडकं बी न्हाई. बेवारशी दिसतोय."

आता मॅडम उघड हसल्या. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

हे बोलणारा माणूस होता धोंडिबा. पानशेतच्या पाण्याच्या वरल्या अंगाला डोंगरात त्याची वस्ती, कालच्या बाजाराला कोंबड्या घेऊन आलेला, आता परत निघालेला. मॅडमनी त्याला विचारलं, "दादा, तुमच्या वस्तीवरून आजारी माणसाला खाली कसं आणता?"

"झोळीत."

"चौघं खांद्यावर घेत नाही?"

धोंडिबा त्यांच्याकडं बघतच राहिला. "जित्या मानसाला? काय बोलताय, बाई! घोंगडीची झोळी करायची, येळूच्या दांड्याला बांदायची. एक म्होरं, एक मागं. आत मानूस गुमान बसतंय थोडंच? 'हळू चाला, फांदी लागतीय, पाडताय का मला' म्हनून वरडतंय सारखं."

मी खिशातला कोळसा काढला. शेजारच्या गोडाऊनची भिंत मोकळी होती. तिथंच काढायला लागलो. दांडा, झोळी, दोन माणसं.

"दांडा येवडा बारीक? मोडंल की, पेंटर."

दांडा जाड केला.

"झोळी येवडी वर? मानूस हाय का आंबं?"

झोळी खाली घेतली. झोळीतनं माणसाचं डोकं बाहेर काढलं, एक हात बाहेर काढला, पुढच्याला शिव्या देतोय असा. चावलेला पाय हलू नये म्हणून मॅडमनी त्याला फळी बांधायला लावली. मग आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो आणि जाणाऱ्यांना विचारलं.

"कुनाला तरी डाक्टरकडं न्हेत्यात. भांडतोय बगा कसा!"

"मेलाय का तो?"

"मेलेलं भांडतंय व्हय?"

मी त्या दिवशी चहाचे पैसे मॅडमना देऊ दिले नाहीत.

दोन दिवसांनी संस्थेचे साहेब जीपमधून आले. सगळ्या भिंतींचं काम त्यांच्या सहीनं चालायचं. कोळशाचं चित्र बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? झोळी? बाहेरचे पाहुणे येणार आहेत भिंती बघायला. त्यांना काय वाटेल? इथं अजून माणसं घोंगडीत नेतात?"

"नेतात, साहेब," मॅडम म्हणाल्या.

"नेत असतील. आपण दाखवायचं नाही. स्ट्रेचरचं चित्र मंजूर झालेलं आहे. अहो पेंटर, बाकीच्या भिंतींवर तेच करा. लावणी तोंडावर आलीय."

"न्हाई करत," मी म्हणालो.

"काय?"

"तुम्ही डोंगरात रस्ता करा, साहेब, मी स्ट्रेचर काय, विमान काढून देतो. पण ते मयत मी दुसऱ्या भिंतीवर काढणार नाही. खाली माझं नाव असतं."

"मग दुसरा पेंटर बघावा लागेल."

"बघा."

म्हणालो खरा. पण धास्ती माझं काम जाण्याची तेवढी नव्हती. दुसरा पेंटर पुण्याहून येईल, चौकोन आखेल आणि लावणीच्या आत प्रत्येक गावात एक मयत उभं करून जाईल. मग लोक देवरुष्याकडं नाही जाणार तर काय करणार?

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही एकदा कुणाला तरी विचारून बघा. आम्ही बोलणार नाही."

साहेबांनी इकडं तिकडं बघितलं. बाजार नव्हता, रस्ता मोकळा. त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली आणि स्ट्रेचरच्या चित्राकडं बोट केलं. "बबन, इकडे ये. हे काय आहे?"

"भिंत हाय, साहेब."

"भिंतीवर काय आहे?"

बबननं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा साहेबांकडं. "खरं सांगू का?"

"सांग की."

"मयत चाललंय, साहेब. म्हनून तर म्या गाडी हितं लावत न्हाई, तिकडं यस्टी स्टँडला लावतो. आपल्याला घाट उतरायचा आसतो. समोर कशाला ते?"

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुटं?"

साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला. मग कोळशाच्या चित्राजवळ जाऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. वरून आलेला कागद त्यांनाही मोडवत नव्हता, एवढंच.

"झोळी ठेवा," ते म्हणाले. "पण डोंगराच्या खाली रस्ता दाखवा. आणि रस्त्यावर गाडी उभी दाखवा. झोळी गाडीपर्यंत, गाडी दवाखान्यापर्यंत."

हे मला सुचलं नव्हतं, ते मी कबूल करतो. झोळी रस्त्यापर्यंतच येते, पुढं दुधाचा टेम्पो, जीप, जे मिळेल ते. मी खाली वळणाचा रस्ता काढला आणि दार उघडून उभी असलेली जीप काढली. जीपच्या खिडकीत बबनच्या मिशा काढल्या. त्या मात्र कुणाला विचारून काढल्या नाहीत.

वेल्ह्याची भिंत पांढऱ्या रंगानं पुसून नवी केली. कामथडीचं स्ट्रेचर तसंच ठेवलं, तिथं ते कळत होतं. बाकीच्या भिंती पहिला चिखल व्हायच्या आत झाल्या. माझा नाग सगळ्या भिंतींवर राहिला. त्याला कुणी हात लावू शकलं नाही.

लावणी निम्म्यावर आली असेल, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनी निरोप दिला. डोंगरातल्या एका वस्तीवरच्या बाईला पान लागलं होतं. इकडं साप चावण्याला पान लागणं म्हणतात. झोळीतनं आणली, रस्त्यावर टेम्पो मिळाला, इंजेक्शन वेळेत बसलं. मी एसटीनं वेल्ह्याला गेलो. बाई खाटेवर उठून बसली होती, पाय सुजलेला, पण चहात बटर बुडवून खात होती. नवरा बाहेर पायरीवर.

मी त्याला विचारलं, "बाजारातलं भिंतीवरचं चित्र बघितलं होतं का?"

"चित्र? कंचं चित्र?"

मला जरा लागलंच. "मग देवरुष्याकडं न नेता सरळ इथं आणा, हे कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? समद्यास्नी म्हाईत हाय. झोळीत घालायचं, रस्त्याला न्ह्यायचं, गाडीत बशिवायचं. वस्तीवरची पोरं बी तसंच खेळत्यात."

"गेल्या साली पण असंच नेत होता?"

तो पायरीवरचा खडा उचलून हातात फिरवत राहिला. "गेल्या साली चुलत्याला देवरुष्याकडं न्हेलता," म्हणाला. खडा खाली ठेवला आणि बायकोजवळ आत गेला.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, एका बाईवरून चित्रानं काम केलं असं म्हणता येत नाही."

"तुम्ही म्हणू नका," मी म्हणालो. "मी म्हणतो."

त्यानंतर कितीतरी वर्षं मॅडमनी मला सोडलं नाही. जुलाबाच्या भिंती केल्या, टीबीच्या केल्या, गरोदर बायांच्या केल्या. किकवीपासून पार पानशेतपर्यंत माझं अक्षर आहे. आता शिडी चढवत नाही, पण नवे पेंटर विचारायला घरी येतात. त्यांना मी एवढंच सांगतो. आधी कोळशानं काढा, लोकांना काय दिसतंय ते ऐका, मग रंगाचा डबा उघडा. कोळसा फडक्यानं पुसता येतो. ऑइल पेंट पुसायला साहेबाची परवानगी लागते.