नणंदेच्या पायाचा ब्रेक

ती जुनी हॅचबॅक नवऱ्याने लग्नाआधीच घेतली होती. मानेसरला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशी दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो ती उघडून बसायचा. हळूहळू त्याने तिला मोठं इंजिन बसवलं, मागच्या सीटा काढल्या आणि तिची ड्रॅग रेसिंगची गाडी केली. दिवा हिरवा झाला की सुटायचं, सरळ चारशे मीटर जायचं आणि पुढे उरलेल्या जागेत थांबायचं, एवढाच तो खेळ. हिवाळ्यात हरियाणातल्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर हौशी लोक जमायचे, तिथे आम्ही जायचो. गाडी चालवायचे मी. नवरा म्हणायचा, "मला वेगात बसायला आवडत नाही. वेग कसा आणायचा, ते आवडतं." कोणी ना कोणी विचारायचंच, "गाड़ी भाभीजी चलाती हैं?" तो हो म्हणायचा, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

मग माझी नणंद नोएडात नोकरीला लागली आणि आमच्याकडे राहायला आली. ती नाशिकची, नवऱ्यापेक्षा बरीच लहान. मी दिल्लीत, सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेले. माझी मराठी घरापुरती, तीही निम्मी हिंदी. भाऊ-बहीण बोलायला लागले की मला शब्द अडायचे. मी पिस्टन म्हणायचे, ती दट्ट्या म्हणायची. आठवड्याभरात नवराही दट्ट्या म्हणायला लागला. इतकी वर्षं माझ्याशी बोलताना त्याने तो शब्द कधी काढला नव्हता. माझ्यासाठी तो सोपं करून बोलत होता, हे मला तेव्हा कळलं आणि ते काही बरं वाटलं नाही.

पहिल्या वेळी ती धावपट्टीवर आली ती नुसती बघायला. दुसऱ्या वेळी म्हणाली, "वहिनी, एकदा मी बसू?" नाही म्हणायला कारण नव्हतं. दिवा हिरवा झाला आणि ती अशी सुटली की शेजारच्या गाडीवाल्याला कळायच्या आत ती पुढे होती. तिचं टायमिंग माझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या टायमिंगपेक्षा चांगलं आलं. मी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने वाजवल्या नाहीत, कारण तो धावपट्टीच्या टोकाकडे पळत होता. गाडी वेळेत थांबली नव्हती, पुढच्या मातीत जाऊन रुतली होती.

तिला काही झालं नव्हतं. मांडी चोळत ती उतरली. "दादा, हा ब्रेक आहे की भिंत? दोन्ही पायांनी दाबला तरी हलत नाही."

मोठं इंजिन बसवताना नवऱ्याने ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायावरचा भार हलका करणारा डबा, काढून टाकला होता. मास्टर सिलेंडर मात्र मोठा होता, एक इंची. पेडलच्या मागे बसणारी ती एक पिचकारीच असते. पायाने तिचा दट्ट्या ढकलला की तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जातं. पिचकारी रुंद असेल तर पेडल थोडंच आत जातं, पण जोर फार लागतो. अरुंद असेल तर जोर कमी, पण पेडल खोल जातं, आणि फारच अरुंद घेतली तर पेडल तळाला टेकलं तरी पुरेसं तेल पोचत नाही. मला ते दगडासारखं पेडल आवडायचं. माझा पाय भक्कम आहे, याचा मला अभिमानच होता.

त्या रविवारी नवऱ्याने बाथरूममधला वजनकाटा हॉलच्या भिंतीला उभा टेकवला, समोर खुर्ची ठेवली आणि बहिणीला म्हणाला, "बस. ब्रेक दाबतेस तसा दाब." ती दाबत होती आणि तो वाकून काटा वाचत होता. "पुन्हा. घाईत दाबशील तसा. आता दमल्यावर दाबशील तसा." मी शेंगा सोलत बसले होते. त्याने तिच्या टाचेपासून बोटांपर्यंत पाऊल मोजलं, गुडघा किती वाकतो ते पाहिलं. लहानपणी तिचा घोटा मोडला होता, तो अजून दुखतो का, हेही विचारलं.

"आणि मला कोणता सिलेंडर बरा?" मी विचारलं.

"तुझं काय, तुझा पाय कशावरही चालतो," तो वर न बघता म्हणाला.

त्याच्या लेखी ती स्तुती होती. मी शेंगांची परात उचलून आत गेले.

पुढच्या शनिवारी तो कश्मीरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात सिलेंडर आणायला निघाला, तेव्हा मीही बरोबर गेले. दुकानदाराने दोन समोर ठेवले, एक पाऊण इंची, एक त्याहून जरा मोठा, पाऊण आणि एकच्या बरोबर मधला. नवरा दोन्ही हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला.

"चलाता कौन है?" दुकानदाराने विचारलं.

"मेरी बहन," नवरा म्हणाला.

मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याने पाऊण इंची घेतला. मी म्हणाले, "मधला घे ना. दोघींना चालेल." तो म्हणाला, "तिचा पाय हलका आहे गं. उगाच धोका नको." सांगितलेलं खोटं नव्हतं, त्यामुळे मला भांडताही येईना.

खरा घाव त्यानंतर बसला. नवा सिलेंडर बसवला की नळ्यांतली हवा काढावी लागते. एकाने गाडीखाली झोपायचं, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचं. हे काम आम्ही दोघं लग्नापासून करत आलो होतो. तो खालून म्हणायचा "दाब", मी दाबायचे. "धर", मी धरायचे. "सोड." गाडीच्या पत्र्याआडून येणारा तो आवाज माझ्या सवयीचा होता. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मला हाक येईल म्हणून मी हात धुऊन ठेवले होते. खिडकीतून ऐकू आलं, "दाब. धर. सोड." आणि मागोमाग नणंदेचं हसणं. मी पुन्हा कणकेत हात घातला.

धावपट्टीवर ती छान सुटली आणि छान थांबली. नवऱ्याचा चेहरा उजळला. मग मी बसले. शेवटाला मी सवयीने नेहमीच्याच जोराने पाय दिला. पेडल एकदम खोल गेलं, चाकं जाम झाली आणि गाडी आडवी घसरत गेली. मी पाय उचलला म्हणून सावरली. मी खाली उतरले.

"इतका जोर कशाला दिलास?" नवरा धापा टाकत म्हणाला. "सांगितलं होतं ना, हलका लागतो."

"तुझ्या बहिणीची गाडी आहे," मी म्हणाले. "तिलाच चालवू दे."

सहा-सात माणसं ऐकत होती, तरी मी थांबले नाही. "इतकी वर्षं मी चालवली. माझा पाय कधी मोजलास?"

"तू कधी तक्रारच केली नाहीस," तो म्हणाला. "तो एक इंची कारखान्यात पडून होता म्हणून लावला होता. तुला जमला, म्हणून राहिला."

म्हणजे ज्या पेडलचा मी तोरा मिरवला, ते माझ्यासाठी निवडलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चल, तुझाही जोर मोजू." मी नको म्हटलं. मागून घेतल्यावर त्यात काय राहिलं?

संध्याकाळी मेट्रोतून उतरून नणंद थेट माझ्याकडे आली. "वहिनी, मी तिसरीत होते तेव्हा दादा हॉस्टेलला गेला," ती म्हणाली. "मला काय आवडतं, काय नाही, त्याला काहीच माहीत नाही. विचारायचं कसं, तेही कळत नाही. म्हणून पाय मोजत बसतो. तुझं त्याला मोजावं लागत नाही."

ती मनापासून बोलत होती. मी तिला चहा दिला. मनातली ठसठस मात्र तिच्या बोलण्याने गेली नाही. तिच्याकडे भावाबरोबरचं बालपण नव्हतं, माझ्याकडे तिचं वय आणि तिची सुटण्यातली चपळाई नव्हती, आणि यांपैकी मला माझंच दुःख मोठं वाटत होतं.

शेवटी मीच एकटी जाऊन मधल्या मापाचा सिलेंडर आणला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला. त्याने तो लगेच बसवला. तिला तो थोडा जड गेला, मला थोडा मऊ वाटला. दोन हिवाळे आम्ही दोघींनी त्यावर गाडी चालवली. तिचं टायमिंग मला कधीच गाठता आलं नाही.

मग तिची बदली पुण्याला झाली. रविवारी तिचा फोन येतो, तेव्हा नवरा बाल्कनीत जाऊन बोलतो, गाडीबद्दल, इंजिनबद्दल, कधी नुसतंच. तो मोठ्याने हसला की मी आत काम थांबवून ऐकते. कशावर हसला ते विचारत नाही.