डाव्या बैलाचा पोळा

माझ्या नाकावर राग असतो हे घरच्यांना माहीत होतं. घाटनांदूरकडच्या त्या गावाला ते आठ दिवसांत कळलं. मी जनावरांची डॉक्टर. नव्वदीच्या दशकात परदेशी कंपन्यांना दारं उघडली, तशी आमच्या छोट्या औषध कंपनीची झोप उडाली आणि साहेबांनी गोचिडांवरचं टिकाऊ इंजेक्शन बनवायला घेतलं. तोवर लोक पावडर चोळायचे, फवारा मारायचे; एक सर आली की सगळं धुऊन जायचं. आमचं औषध तेलात कालवलेलं, कातडीखाली टोचायचं. ते हळूहळू रक्तात उतरणार आणि रक्त प्यायलेला गोचीड मरणार. चाळीस दिवस पुरतं का, एवढाच प्रश्न होता. नाही पुरलं तर औषध बंद आणि मीही घरी, हे साहेबांनी निघतानाच बजावलं होतं.

औषध दुधात उतरतं, म्हणून मी गायी-म्हशी सोडून बैल निवडले. जोडीतल्या उजव्याला टोचायचं, डाव्याला नाही. गोठा एक, वैरण एक, म्हणजे जो फरक दिसेल तो औषधाचाच. अट एकच घातली: चाळीस दिवस डाव्याच्या अंगावरचा गोचीड कुणी काढायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आठवड्यानं मोजायला गेले, तर डावे बैलही उजव्यांसारखेच चकाचक! घरोघरच्या बायकांनी दुपारी निवांत बसून एकेक गोचीड वेचला होता आणि राखेत टाकला होता. मी चावडीसमोरच तोंड सोडलं. एक आजी शांतपणे म्हणाली, "कावून वरडती गं बाई? एकाला दवा अन् एकाला न्हाई, आसं कुटं आसतंय का? जोडी हाय ती."

मी आणखीच चिडले आणि वही उचलून पुढच्या गोठ्याकडे निघाले.

फक्त एका गोठ्यात अट पाळली गेली होती. तिथला शेतकरी साठीपुढचा, कमी बोलणारा, घरात तो आणि बायको दोघंच. त्याच्या डाव्या बैलाच्या कानात, शेपटीच्या बुडाशी एरंडाच्या बियांएवढे गोचीड टरारून बसले होते. उजवा तुळतुळीत. एका जोडीवर औषध सिद्ध होत नाही हे मलाही कळत होतं, पण पुढची मोठी चाचणी मंजूर व्हायला एक तरी खरी नोंद हवी होती. माझी सगळी भिस्त आता या एका बैलावर. म्हातारा मात्र मी मोजत असताना तिथं थांबायचा नाही. डावा खांबाला अंग घासायला लागला की तो उठून बाहेर जायचा. मला ते दिसायचं आणि मी वहीत डोकं घालायचे.

चाळिसावा दिवस पोळ्यानंतर चार दिवसांनी येत होता. कॅलेंडर शहरात बसून आखलेलं. पोळ्याचा विचार कुणी केलाच नव्हता. पोळ्याला बैल नदीवर घासून काढायचे म्हटल्यावर माझी मोजणी वाहून जाणार. पोळ्याच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्यानं स्वतःच विचारलं, "बाई, धुतलं तर चालंल का?"

"उजव्याला खुशाल घासा, औषध रक्तात आहे," मी म्हणाले. डाव्याबद्दल मी बोललेच नाही. त्यानं मान हलवली.

पोळ्याला बैल मारुतीकडे निघाले. म्हाताऱ्याचा उजवा लखलखीत, शिंगांना बेगड. डाव्याच्या अंगाला पाणी लागलेलं नव्हतं. झूल कानापर्यंत ओढलेली. त्याच्या बरोबरीचा एकजण ओरडला, "काय बे, एकालाच घिऊन गेलतास का नदीला?" सगळे हसले. म्हाताऱ्यानं माझं नावही घेतलं नाही. मी पारावर उभी होते. मीच त्याला अडवलंय, एवढं एक वाक्य मोठ्यानं सांगता आलं असतं. ते मी सांगितलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

चाळिसाव्या दिवशी उजव्यावर शोधूनही गोचीड सापडला नाही. मी एसटीडी बूथवर धावले, साहेबांना कळवलं, परत आले आणि डाव्यासाठी सिरिंज भरली. "बाबा, टोचते. दोन-तीन दिवसांत आपोआप गळतील."

"गळतील की," तो म्हणाला. "पर सोसायला म्या लावलं. म्याच काढतो."

तो डाव्याच्या कानाशी बसला. मी सिरिंज ठेवली आणि दुसऱ्या कानाशी बसले. गोचीड उपटायचे त्याचे सरावाचे बारीक चिमटे मला जमेनात. त्यानं दोनदा करून दाखवलं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा बैल मोकळा झाला होता. आम्ही त्याला विहिरीवर नेऊन घासलं, खांद्यांना हळद-तूप चोळलं, शिंगांना उरलेली बेगड लावली. मग मी टोचलं.

घरातून पुरणाचा वास येत होता. म्हातारी म्हणाली, "बसा बाई, तुमी बी. पोळ्याला पुरनाचा घास न्हाई घेतला यांनी. डाव्याचं झाल्याबिगर नको म्हनले."

म्हाताऱ्यानं पहिली पोळी डाव्याला दिली, दुसरी उजव्याला, तिसरी माझ्या ताटात वाढली. मग स्वतः जेवला.