सेठ म्हणाले, राखजो

ती मोटारसायकल आमची होती, असं मला आजही लिहिता येत नाही. आमच्या दारात उभी होती, एवढंच म्हणता येतं.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आम्ही सुरतेत लिंबायतला राहायचो आणि वडील, म्हणजे आबा, पलसाण्याच्या एका डाइंगच्या कारखान्यात फिटर होते. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये, रंगाच्या रिकाम्या ड्रमांच्या आड, एक जुनी ब्रिटिश मोटारसायकल पडलेली होती. सेठच्या वडिलांच्या हौसेची. ते वारले आणि तिच्यावर गोणपाट पडलं ते पडलंच.

एकदा आबांनी सुटीच्या दिवशी जाऊन बंद पडलेलं एक मशीन चालू करून दिलं. सेठ खूश होते. गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "फिटरभाई, आ पडी पडी कटाय छे. चालू थाय तो जुओ. तमे राखजो."

पडून पडून गंजतेय, चालू होते का बघा, इथपर्यंत सगळं सरळ होतं. शेवटच्या शब्दाचं मात्र नीट सांगायला हवं. शेजारची गुजराती बाई भाजी देताना "वाटकी पण राखो ने" म्हणते आणि ती वाटी आपली होते. आमच्याकडे राखणं म्हणजे राखण करणं, आणि राखण तर दुसऱ्याच्याही शेताची करतात. आबांचं अर्धं आयुष्य सुरतेत गेलेलं. सेठ गुजरातीत बोलले, म्हणून त्यांनी ते गुजरातीतच ऐकलं आणि संध्याकाळी गाडी टेम्पोत घालून घरी आणली.

माय दारातच आडवी आली. "राखजो म्हने ना तो? दिधी म्हने का?"

"अवं, मोठा मानसं असंच बोलतस. राखजो म्हंजे तुमनी."

"मंग कागद?"

"आज गाडी दिधी, सकाय कागद देई."

इंजिन आबांनी लवकर चालू केलं. मला वाटलं होतं तेच अवघड जाईल. पण गल्लीतून पहिली फेरी मारताना कळलं, की दुखणं मागे आहे. वळताना पुढचं चाक वळायचं आणि मागचं जणू विचार करून मग यायचं. मागचं चाक ज्या लोखंडी दुबेळक्यात बसतं त्याला गॅरेजवाले चिमटा म्हणतात. हा चिमटा फ्रेममधल्या एका आडव्या रॉडवर वरखाली हलतो आणि रॉडच्या दोन्ही बाजूंना बुश, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या, असतात. आमच्या गाडीचे बुश झिजून लंबगोल झाले होते. चाक हातानं बाजूला ढकललं की खट् असा आवाज यायचा.

रॉड गंजून फ्रेमलाच चिकटला होता. हातोडा मारला असता तर त्याचं तोंड चेपून तो कायमचा अडकला असता. आबांनी रॉकेल सोडून ठेवलं, पाइपचा तुकडा, लांब आटे पाडलेली सळई आणि नट असा ओढणारा जुगाड केला आणि पाना फिरवत राहिले. रॉड किंचाळत बाहेर आला तेव्हा गल्लीतली पोरं ओरडली.

"नवा बुश टाकूत अन् मोकया होऊत," आबा म्हणाले.

मला बोलायला धीर होत नव्हता. त्यांच्या कामात मी कधी बोललो नव्हतो. तरी म्हणालो, "आबा, तसाच टाकला तर परत झिजंल. ग्रीस मधेच भरायची सोय आहे, टोकांपर्यंत ते जातच नाही. आणि बाजूनं पाणी शिरतं."

मग मी कागदावर काढून दाखवलं. थोडे लांब गनमेटलचे बुश, आतून ग्रीससाठी खाचा, दोन्ही बाजूंना ग्रीस भरायची निप्पल, बाहेरून रबरी रिंगा आणि जास्त टणक पोलादाचा, घासून गुळगुळीत केलेला रॉड. आबांनी आधी हात धुतले, मग कागद हातात घेतला.

"हाऊ आकडा कसाना शे?"

"रॉड आणि बुशमधली फट."

"इतली बारीक?"

"हो."

"मंग तशीच करूत," ते म्हणाले आणि कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मला कॉलेजात कुणी इतकं मानाचं काही दिलं नव्हतं.

भेस्तानच्या लेथवाल्यानं चित्र पाहून विचारलं, "एन्जिनियर साहेब, मोटरसायकल छे के विमान?" पण काम त्यानं चोख केलं. बुश चिमट्यात दाबून बसवले. मग दोन्ही बुशांतून एकदमच लांब रीमर, म्हणजे भोक मापात घासणारी दातेरी सळई, फिरवायचा होता, वेगवेगळा फिरवला तर भोकं एका रेषेत येत नाहीत आणि रॉड आवळतो. मी चिमटा धरला, आबांनी रीमर फिरवला. नवा रॉड तळहाताच्या दाबानं आत गेला. चाक ढकलून पाहिलं. काही आवाज नाही.

हायवेवर शेजारून ट्रक गेला तरी गाडी रेषेत राहिली. आबा मान मागे वळवून ओरडले, "दिवाईले गावले जाऊत! नवापूरवरतून!" गावी काका होते. सुरतेत राबून काय मिळवलंस, असं ते आबांना दर वेळी चारचौघांत विचारायचे. आबांना ही गाडी दिवाळीला एकदा काकांच्या दारात उभी करायची होती. दुसरं काही नको होतं. मलाही नको होतं.

गाडीच्या कागदपत्रांचं विचारायला आणि ती दाखवायला आम्ही कारखान्यात गेलो. सेठचे जावई आलेले होते. त्यांनी आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि उतरताच म्हणाले, "पप्पा, आ तो एकदम सीधी चाले छे! आवी गाडी हवे क्यां मळे?"

"लई जाओ, जमाईराज. घरनी ज छे ने," सेठ म्हणाले. घेऊन जा, घरचीच तर आहे.

आबा तिथेच उभे होते. मीच बोललो, "सेठ, तमे राखजो कह्युं हतुं."

सेठ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "हा, तो राखी ने! बहु सारी राखी. राखजो एटले साचवजो. आपी दीधी एवुं में क्यारे कह्युं?"

सांभाळा, असं. दिली, असं कधी म्हणालो?

"हा, सेठ," आबा म्हणाले. आणि मग खाली बसून त्यांनी जावयांना ग्रीस कुठून भरायचं ते दाखवलं. माझा कागद खिशातून काढून तोही देऊन टाकला.

आम्ही रिक्षात दाटीवाटीनं बसून परत आलो. उतरल्यावर मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलू? शब्द त्याना, भाषा त्यानी."

"पण मजुरी? आपण केलेलं काम?"

"चूप चाल."

पुढच्या आठवड्यात सेठच्या ड्रायव्हरनं घारीचा, म्हणजे सुरती मिठाईचा, डबा आणून दिला. माय म्हणाली, हे माझ्या घरात नको. तिनं डबा उघडला आणि तुकडे ताटलीत घालून ओळीनं सगळ्या घरांत वाटले; एक उरला, तो ताटलीसकट ओट्यावरच ठेवला. आम्ही गाडीवर राबताना सगळ्यांनी पाहिलं होतं. काय समजतील, हे तिच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

थोड्या वेळानं शेजारची मावशी हात पुसत आली. "काय वं बाई, गाडीनी मिठाई इतली उशिरा?" तिच्या मागून दोघं-तिघं आले. एकानं आबांच्या पाठीवर थाप मारली. "मालक झाला भो तुम्ही! पन गाडी कोठे शे? दिखत नही."

माय आत गेली. आबा ओट्यावर बसले होते.

"सर्विसिंगले दिधी," ते म्हणाले.

"कवय येई?"

"काम मोठं शे." आणि त्यांनी ताटलीत उरलेला घारीचा तुकडा उचलून सगळ्यांदेखत तोंडात टाकला.