घरगाडी घेताय? मग चहा सोडू नका!

दुष्काळात पाणी साठत नाही, धान्य साठत नाही. किस्से मात्र कितीही साठवा, हंडे कमी पडतात! आमची घरगाडी घेतल्यापासून तर माझ्याकडे इतके जमलेत, की हळदीकुंकवाला गेले तरी बायका वाण ठेवतात बाजूला आणि म्हणतात, "वहिनी, आधी गाडीचं सांगा." शिवाय हल्ली ज्याला त्याला अशी गाडी घ्यायची असते. तेव्हा पहिल्यांदाच घेणाऱ्यांनी सोबत काय ठेवावं, हेही सांगते. देवाच्या दयेनं सगळं स्वतः भोगून झालंय.

मूळ किस्सा असा. चारा संपला, गावोगावच्या म्हशी विकल्या गेल्या, दूध आटलं आणि आमच्या बीडच्या दूध संस्थेची व्हॅन नुसती उभी राहिली. आमचे हे त्याच संस्थेचे निवृत्त सचिव. शेजारचे किराणावाले शंकरअप्पा यांनी मोबाइलवर गोऱ्या लोकांची चाकांवरची घरं पाहिलेली. झालं! त्यांच्या घरानं आणि आमच्या घरानं मिळून ती व्हॅन लिलावात घेतली. आत फळ्यांचे पलंग, गॅसची शेगडी, कोपऱ्यात देव्हारा, टपावर स्टीलची टाकी आणि बाहेरच्या अंगाला नळ.

सगळा जन्म सहकारात गेलेला, त्यामुळे गाडीही सहकारी तत्त्वावर! अप्पा अध्यक्ष, मी उपाध्यक्ष, हे सचिव, अप्पांची महानंदा खजिनदार. राहिल्या माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई. त्यांचा शेअर नाही, म्हणून मत नाही.

"मत न्हाई तर न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "भूक तर हाय ना मला? मंग मी येणार!"

*

पहिली सूचना: पूजेआधी डिझेल बघा.

ठरलं होतं, पहिली फेरी धर्मापुरीच्या महादेवाला. जुनं देऊळ, शांत जागा. सोमवारी सकाळी गाडीची पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. रशीदभाई, म्हणजे दुधाच्या काळापासूनचे ड्रायव्हर, त्यांनी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म! पुन्हा फिरवली. नुसती खोकली.

महानंदा लगेच म्हणाली, "मी पहिल्यापासून सांगत होते, भंगारात द्या."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला काही बघवेना. मी डोळे मिटले, हात जोडले आणि मोठ्यानं बोलून गेले, "महादेवा, ही गाडी तुझ्या दारात उभी राहीपर्यंत मी चहाला शिवणार नाही!"

मी सोमवार करते, चतुर्थी करते, एकादशी करते. पण उपासाला चहा चालतो, म्हणून तर इतके उपास निभतात माझे!

तेवढ्यात रशीदभाई टाकीचं झाकण उघडून म्हणाले, "भाभी, गाडी एकदम ठीक हाय. डिझेलच न्हाई टाकलं कुणी."

सचिवांना वाटलं खजिनदारानं टाकलं, खजिनदाराला वाटलं सचिवांनी. पण देवापुढे गेलेला शब्द कुठे परत घेता येतो?

*

गाडीत पाटा-वरवंटा जरूर ठेवा. पण दोन वरवंटे ठेवा.

डिझेल भरून निघालो ते नेकनूरच्या पुढे जेवायला थांबलो. मी चटणी वाटायला घेतली, तर वरवंटा गायब! गाडी घसरू नये म्हणून ह्यांनी तो मागच्या चाकाखाली उटी म्हणून लावला होता. काढला तर गाडी घसरते, नाही काढला तर चटणी नाही. शेवटी दगड शोधून लावला, वरवंटा धुतला (पाणी मोजूनच) आणि चटणी झाली.

अप्पा पहिला घास घेऊन म्हणाले, "वहिनी, लई चविष्ट. पण टायर जरा जास्त पडला."

जेवून सगळे आडवे झाले. जागा उताराची. डोळा लागायच्या आत हे घरंगळले महानंदाच्या पिशव्यांवर, पिशव्या अप्पांवर, आणि अप्पा दारातून थेट बाभळीत!

आत्याबाई तेवढ्या जागच्या जागी. देव्हाऱ्यासमोर शांत बसून म्हणाल्या, "मी मघाच बघितलं. निरांजनातलं तूप डावीकडं चाललंय."

"मग सांगितलं कावून न्हाई?" अप्पा काटे काढत ओरडले.

"मला कुठं मत हाय?"

तेव्हापासून गाडी थांबली, की आधी निरांजन ठेवतो. तूप सरळ, तर गाडी सरळ!

*

काटे काढून पुढे निघालो, तर रस्त्याला फाटा आला. अप्पा म्हणाले डावीकडं. हे म्हणाले उजवीकडं. महानंदानं अप्पांना अनुमोदन दिलं आणि मी अर्थातच ह्यांना. दोन विरुद्ध दोन!

"अध्यक्षांना जादा मत असतं," अप्पा म्हणाले.

"घटनेत तसं लिहिलेलं न्हाई," हे म्हणाले. "घटना मीच लिहिलीय."

रशीदभाईंनी गाडी बंद केली, गमछा तोंडावर घेतला आणि म्हणाले, "ठराव पास झाला की उठवा."

दुपार कलली. महानंदानं मध्ये चहा केला. काय तो आल्याचा वास! वर मला म्हणते, "वहिनी, नुसतं बिस्कीट बुडवा की. बुडवण्याला पिणं म्हणत न्हाईत." मी तोंड फिरवून शिवनामाचा जप केला. खरं सांगते, नामात सुद्धा आलं लागत होतं!

अखेर शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले. ह्यांनी विचारलं, "बाबा, केजला कोणत्या रस्त्यानं जायचं?"

बाबा म्हणाले, "कोणत्याबी जा. दोनीबी तिकडंच निघत्यात."

तोवर दिवस बुडायला आलेला. गाडी परत बीडला.

*

नळावर पोतं बांधा. ही सूचना विनोद समजू नका.

दुसऱ्या फेरीला नेकनूरच्या अलीकडे एका बाईनं हात केला. डोक्यावर रिकामा हंडा. "टँकर कुठवर चाललाय, भाऊ?"

रशीदभाई म्हणाले, "टँकर न्हाई बाई, घर हाय."

"घराला बाहीरून नळ कशाला लावलाय मंग?"

मी नळ सोडला. पाण्याला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. टाकी रिकामी झाली आणि आम्ही पुन्हा घरी.

ह्यांनी नळाला पोतं गुंडाळलं. महानंदानं मात्र ठरावच मांडला: आणखी एकच फेरी. पोचली नाही, तर गाडी भंगारवाल्याला. एकमतानं मंजूर! म्हणजे अप्पा झोपेत होते आणि हे बाहेर पोत्याची गाठ आवळत होते.

हात वर करून बसल्यावर माझ्या लक्षात आलं. गाडी भंगारात गेली, तर ती देवाच्या दारात उभी राहणार कधी? म्हणजे माझा चहा जन्मभर बंद!

*

तिसऱ्या फेरीला आत्याबाई येताना साखरेचं पोतं घेऊन आल्या. साखर कारखान्यात त्यांचा शेअर, त्याची सभासदाची सवलतीची साखर. पोतं पलंगाशेजारी ठेवलं आणि वर मांडी घालून बसल्या.

"प्यायला पाणी न्हाई आन् साखर पोत्यानं!" महानंदा म्हणाली. "आत्याबाई, उठा. जागा अडते."

"तुमच्या गाडीत माझा शेअर न्हाई. कारखान्यात हाय. ही माझी खुर्ची!"

उटीचा दगड पोत्यामागे अडकला, झाडू पोत्याखाली गेला, तरी आत्याबाई हलल्या नाहीत. वळणावर आम्ही सगळे कलंडायचो, त्या नाही. शेवटी आम्ही नाद सोडला.

*

आता शेवटचा.

त्या दिवशी देव प्रसन्न होता. केज गेलं, अंबाजोगाई गेलं, एकदाही मतदान झालं नाही. धर्मापुरीचं देऊळ समोर दिसलं आणि माझ्या जिभेवर आलं आलं! तेवढ्यात बोनेटमधून वाफ निघाली आणि गाडी थांबली. उन्हानं इंजिन तापलेलं. रशीदभाईंनी नळावरचं पोतं सोडलं आणि टाकीतलं पाणी बादलीनं रेडिएटरला पाजलं. गाडीनं ते सगळं पिऊन टाकलं आणि तरी हलेना.

पोतं पुन्हा बांधायचं राहून गेलं. नळ उन्हात चमकला.

"टँकर आला गं!"

बघता बघता हंडे, घागरी, कॅन घेऊन गाव धावलं. हे हात जोडून सांगताहेत, "अहो, हे घर आहे!" ऐकतंय कोण?

एक जण म्हणाला, "टाकी हाय, नळ हाय, आन् घर म्हणतो बे! देवळापुढं घ्या, लाइन तिथं लागती. ढकला रे!"

आणि गावानं गाडी ढकलली. अशी ढकलली, की रशीदभाई नुसतं स्टिअरिंग धरून "या अल्ला, या अल्ला" करत होते. गाडी थेट महादेवाच्या दारात! मी आतूनच हात जोडले. नवस पुरा झाला. डोळे भरून आले.

डोळे पुसून खिडकीतून पाहिलं, तर रांग पिंपळापर्यंत गेलेली.

अप्पा घाम पुसत म्हणाले, "तातडीची सभा घ्या!"

महानंदा म्हणाली, "कोरम हाय हो. पाणी न्हाई."

रांगेत पहिली एक म्हातारी होती, आत्याबाईंच्याच वयाची. तिनं हंडा नळाखाली धरला. ह्यांनी नळ फिरवला. बारीक धार आली, हंड्यात वाजली, दोन उचक्या दिल्या आणि नळ गप्प झाला.

रांगेतल्या सगळ्या माना पुढे झाल्या.

म्हातारीनं हंड्यात डोकावून पाहिलं. मग उघड्या दारातून आत पाहिलं: देव्हारा, शेगडी, मी. पुन्हा हंड्यात पाहिलं.

"येवढ्यात चहाच व्हईल," ती म्हणाली. "साखर हाय का, माय?"

आणि आत्याबाई पोत्यावरून उठल्या.