मधल्या आळीची मतं

जुन्नरच्या दवाखान्यात जानकाबाई नर्स होती. कापडवाल्या नथमल शेठची सून चेतना पहिल्या बाळंतपणाला तिथं आली, तेव्हा कळा सोसताना तिनं जानकाबाईचा हात सोडला नव्हता. तिचं माहेर लांब बार्शीला. पुढं बाळाला कडेवर घेऊन ती दुपारची जानकाबाईकडं येऊन बसायची. जानकाबाईला मूलबाळ नव्हतं. दारातून "मावशी" अशी हाक आली, की तिला भरून यायचं.

मग चेतनानं बायकांचे बचत गट काढले. एका पक्षानं तिला हेरलं आणि तिचं येणं हळूहळू बंद झालं. जानकाबाई नोकरीतून निवृत्त झाली, तरी दुपार झाली की तिचे कान दाराकडं लागायचे.

दोन हजार एक साली नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. पद बाईसाठी राखीव होतं. पक्षात चेतनाच्या तोडीचं कुणी नव्हतं. तिकीट तिलाच मिळालं. पक्षाची मतं तिच्या पदरात होती. प्रश्न होता मधल्या माणसांचा. कुठल्याच झेंड्याखाली न जाणारी ही माणसं जानकाबाईच्या आळीत पुष्कळ होती.

तशात भर सभेत पक्षाचा बाहेरून आलेला पुढारी गरजला, "जे आमच्यासोबत नाहीत, ते या गावाचेच नाहीत!" टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली चेतना गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जानकाबाईकडं आली. कितीतरी वर्षांनी.

"मावशी, आळीतली माणसं तुम्हाला मानतात. माझ्यासोबत एकदा घरोघर चला."

"चलंन की. पण आमी गावाचे न्हाई, हे तू ऐकून घेतलंस. उद्याच्या सभेत एवढंच सांग, की ते बोलणं चुकलं."

"मोठे लोक आहेत ते, मावशी. तिकीट त्यांनी दिलंय."

"आन् मतं कोण देणार?"

चेतना जायला उठली. जानकाबाईला वाटलं, तिला जवळ घ्यावं, सगळं सोडून द्यावं. पण आळीतल्या माणसांसमोर काय तोंड घेऊन जायचं?

सभेत जानकाबाई मागं भिंतीला टेकून उभी राहिली. चेतना पाण्यावर बोलली, गटारांवर बोलली. आता बोलेल, मग बोलेल, म्हणत जानकाबाई शेवटपर्यंत थांबली. ते वाक्य काही आलं नाही.

"बाई, कुणाला द्यायचं?" शेजारच्या प्रयागबाईनं विचारलं.

"तुमचं तुमी बघा," जानकाबाई म्हणाली. स्वतः मात्र तिनं चेतनालाच मत दिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

चेतना थोडक्या मतांनी पडली. मधल्या आळ्यांनी पाठ फिरवली होती. संध्याकाळी जानकाबाई शेठच्या दारात गेली. आत कार्यकर्ते तावातावानं बोलत होते, "त्या आळीनंच घात केला!" तिला पाहून चेतना उठून बाहेर आली.

"जेवलीस का गं?" जानकाबाईनं विचारलं.

चेतनानं मानेनंच नाही म्हटलं. तिचे डोळे भरले होते. आतून कुणीतरी हाक मारली, आणि ती गेली.

वर्षभरात शेठनं पुण्यात दुकान काढलं आणि चेतना तिकडंच राहायला गेली. पुण्याहून कुणी आलं, की जानकाबाई आधी तिचीच चौकशी करायची. "बरी हाय ना?" एवढं विचारून झालं, की पुढं काय विचारावं, हे तिला सुचायचं नाही.