काळ्या दगडातला उजेड

धोंडाबाई औशाकडची. गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीने टाकी लावत ती गावोगाव हिंडायची. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. लातूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी पाऊसही गेला. मग ती रोजगार हमीवर खडी फोडू लागली. खडी कोणीही फोडतं. हातातलं कसब त्यात मरत होतं, तेच तिला डाचायचं.

अशात गावच्या महादेवाच्या देवळातला यमपुरी कोरलेला जुना दगड दुभंगला. देवळाचं बघणारे दुकानदार माणिकप्पा तिला म्हणाले, "मावशे, तसाच नवा करून दे. जमला तर देवळाच्या बारा पायऱ्याबी तुझ्याच. न्हाई जमला तर खडी हायच."

जुने तुकडे बघून तिने नव्या काळ्या दगडावर खडूने चित्र उतरवलं. मधे तेलाची कढई, खाली जाळ, भोवती पापी माणसं. कोपऱ्यात दिवा घेऊन बाहेर निघालेली एक बाई. जन्मभर वाटसरूंना पाणी पाजलं म्हणून यमाने सोडलेली. यमपुरी म्हणजे अंधार. म्हणून अंधाराच्या जागी तिने दाट टाकी मारली, बोटभर जागेत वीस घाव. माणसं, जाळ, दिवा गुळगुळीत ठेवले. अकरा दिवस लागले.

माणिकप्पांनी धूळ झटकून तेलाचं फडकं फिरवलं. गुळगुळीत भाग काळाकुट्ट झाला, टाकी मारलेला पांढुरका राहिला. दिवा काळा, अंधार पांढरा.

दर्शनाला आलेली म्हातारी रत्नम्मा वाकून बघत म्हणाली, "यमाच्या घरी लाईट आली की गं. आमच्या गल्लीत अजून खांब न्हाई."

माणिकप्पा हसले नाहीत. "ह्ये कसं बसवू देवळात?"

धोंडाबाईने दगडावर हात फिरवला. घाव पडला की काळा दगड पांढरा होतो, हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं. जात्याला टाकी लावताना त्याचा विचार कधी करावा लागला नव्हता.

"पालथा करू द्या, आप्पा. पाठ कोरी हाय."

"किती दिस?"

"ह्याच्याहून कमी. आता अंधाराला हातच लावायचा न्हाई."

पाठ सपाट करून घासायला चार दिवस गेले. घासायला पाणी लागतं आणि टँकर दोन दिवसांआड यायचा. तिने आपल्या आंघोळीचं पाणी दगडाला दिलं, तेच गाळून पुन्हा वापरलं. मग फक्त उजेड कोरला. जाळाशी टाकी दाट, लांब जाईल तशी विरळ. जात्याला मधे विरळ नि काठाला दाट मारून हात तयार होताच. माणसांची जाळाकडची अंगं तेवढी उजळली, पाठी दगडातच बुडालेल्या ठेवल्या. दिव्यापाशी मात्र तिने हात आखडला नाही. ज्योत, बाईचा चेहरा आणि तिच्या पुढची दोन पावलं वाट.

नवव्या दिवशी तेलाचं फडकं पुन्हा फिरलं. रत्नम्माने दिवा घेतलेल्या बाईवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ही सुटली बघ."

माणिकप्पांनी मान हलवली. "पायऱ्यांचा दगड सोमवारी येतोय, मावशे."

"मंगळवारी हात घालते. टाक्या लई बोथट झाल्यात, लोहाराकडं न्यायच्या हायत."

जाता जाता तिने खडीच्या मुकादमाला निरोप धाडला, उद्यापासून माझी वाट बघू नका.